विकलेल्या म्हशींची पानं

मंगळवार, १ जुलै

चौथ्या नंबरावर!

मागच्या महिन्यापर्यंत गूगलवर "घोडेगाव म्हैस बाजार" टाकलं की आमची साइट पहिली यायची. आज सकाळी सहज टाकून बघितलं तर वर हनुमंतशेठची साइट, मग दोन व्हिडिओवाले, मग आम्ही. वाटलं माझ्याच मोबाईलला काही झालंय. आईच्या मोबाईलवर बघितलं, गोरक्षच्या बघितलं. चौथीच.

हनुमंतशेठ म्हणजे हायवेवरचा व्यापारी. पाडव्याला साइट काढली. प्रत्येक फोटोत म्हैस मागे आणि शेठ पुढे. असल्या साइटला कोण वर चढवतं? काहीतरी शिजतंय.

गुरुवार, ३ जुलै

झोप नीट लागली नाही. कारण अण्णांचा शब्द, बापाने लेकीला दिलेला.

संक्रांतीला सगळे बसलेले असताना अण्णा म्हणाले होते, "दिवाळीपतुर तुज्या साईटवरनं गिऱ्हाईक येत ऱ्हायलं तर दावनीचा कारभार तू बघायचा. लग्नाचं कुनी नाव काडनार न्हाई. न्हाई आलं तर पाव्हनं बोलवायचं. मंग धंद्याला गोरक्ष हायेच." गोरक्ष म्हणजे माझा चुलतभाऊ. तो तेव्हा लाडू खात होता आणि जरा जास्तच शांत होता.

शुक्रवारच्या बाजारात बाईमाणूस उभं राहत नाही. रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरतो, तिथे माझा हात कोण धरणार? म्हणून ही साइट. माझा बाजार तोच. आमच्या दावणीला आलेल्या प्रत्येक म्हशीचं वेगळं पान मी करते. जात, कितवं वेत, दूध किती, सडं कशी, स्वभाव कसा. नगर लिहायचं आणि अहिल्यानगरही लिहायचं, कारण लोक दोन्ही टाकतात. तेव्हा कुठे बीड-नाशिकचा माणूस फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती देती?" दोन वर्षं हेच करतेय. एकदा वर आलो म्हणजे झालं, असं यात नसतं. रोज झाडलं नाही तर अंगणात केर साचतोच.

आणि आता चौथी.

शुक्रवार, ४ जुलै

बाजार. गोरक्ष सगळ्यांत आधी तयार. एप्रिलमध्ये त्याने साइटचा पासवर्ड मागितला होता, "बाजारातून फोटो टाकतो" म्हणून. आजवर एक फोटो टाकलेला नाही. मग पासवर्ड कशाला हवा होता?

सोमवार, ७ जुलै

प्रज्ञाला फोन केला. कॉलेजात एका बाकावर बसायचो. आता नगरला सावेडीत तिचं वेबसाइटचं ऑफिस आहे, आमच्या साइटची आतली बाजू तीच बघते. मला वाटलं घाबरेल. तर म्हणाली, "पेरण्या चालू आहेत गं, आत्ता कोण म्हशी शोधतंय? थोडं थांबू." फार थंडपणे म्हणाली. माझी साइट घसरतेय आणि ही मला पेरण्या शिकवतेय!

आई म्हणते, तुला प्रसादाच्या शिऱ्यातही खडा दिसतो. असतो म्हणून दिसतो.

शनिवार, १२ जुलै

सहावी.

दुपारी गेवराईहून एकाचा फोन आला. "ताई, तुमची ती मुऱ्हा म्हैस पाव्हन्यानं लिंक पाठीवली व्हती, पन उघडंना. पान सापडत न्हाई म्हनतंय." बघितलं. खरंच पान नाही. मी काढलं नाही. मग कुणी काढलं? पानाला काय पाय असतात?

मंगळवार, १५ जुलै

दिवसभर हेच. एक पान नाही, कितीतरी गेलीत. मे महिन्यापासून दर आठवड्याला जातायत. आणि गेलेली पानं कोणती, तर नेमकी चांगली! जाफराबादी जोडी, मुऱ्हा, ती पांढऱ्या शेपटीची पंढरपुरी. ज्या पानांवर सगळ्यात जास्त माणसं यायची तीच गायब. रद्दड म्हशींची पानं मात्र जागच्या जागी. दुसऱ्यांच्या साइटवरून, गावोगावच्या ग्रुपवरून लोक त्या पानांवर येत होते, ते आता रिकाम्या दारावर येऊन परत जातात. गूगल काय, माणूस काय, रिकाम्या दारावर कोण परत येणार? म्हणून आपण खाली.

कोणत्या पानावर किती माणसं येतात हे गोरक्षला कळत नाही. त्याला मोबाईलवर रील सोडून काही कळत नाही. ते आकडे फक्त दोघींना दिसतात. मला आणि प्रज्ञाला.

लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिलं.

शनिवार, १९ जुलै

एसटीने नगरला गेले. न सांगता. प्रज्ञाच्या ऑफिसात शिरले तर तिच्या पडद्यावर काय उघडं? हनुमंतशेठ! म्हैस मागे, शेठ पुढे.

मी उभ्याउभ्याच विचारलं, "यांचंही काम तूच करतेस का?"

तिने समोरच्या खुर्चीकडे हात केला. मग म्हणाली, "ते वर का गेले हे बघत होते. तुझ्यासाठी."

मी म्हटलं, "आणि आमची पानं कोण काढतंय?"

"पंकजा, तू काय म्हणतेयस ते तुला कळतंय ना?"

मी गप्प बसले नाही. जे डोक्यात होतं ते सगळं बोलले. तिने चहा सांगितला होता, तो आला आणि तसाच राहिला. शेवटी म्हणाली, "दुसरं कुणीतरी बघ." आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. चोर सापडला की माणसाला हलकं वाटतं म्हणतात, मला एसटीत रडू येत होतं.

सोमवार, २१ जुलै

प्रज्ञाचं लॉगिन बंद केलं. आता बघू.

शुक्रवार, २५ जुलै

अण्णा!

संध्याकाळी बाजारातून आले, पाय धुतले, ओट्यावर बसले. चष्मा नाकावर, मोबाईल लांब धरलेला. मी चहा घेऊन मागून गेले. पडद्यावर आमची साइट. कालच मी टाकलेल्या दुसऱ्या वेताच्या मुऱ्हा म्हशीचं पान. अण्णांनी अंगठा दाबला, थांबले, पुन्हा दाबला. पान गेलं. मग चहासाठी हात पुढे केला.

मी कप दिला. तशीच आत आले.

म्हणजे दिवाळीपर्यंतचा शब्द द्यायचा, आणि दर शुक्रवारी एकेक पान काढून मला हरवायचं. पाहुणे बोलवायला कारण पाहिजे ना! गोरक्षने पासवर्ड मागितला तो अण्णांसाठीच. सगळे एक आहेत. आईसुद्धा असेल.

जेवले नाही. आईने विचारलं, डोकं दुखतंय म्हटलं.

रविवार, २७ जुलै

विचारलं. गोठ्यातच विचारलं, अण्णा पेंड भिजवत होते. म्हटलं, "माझी पानं का काढता?"

अण्णांनी लपवलं नाही की दचकले नाहीत. म्हणाले, "इकल्यात त्या."

"विकल्या म्हणून पान काढायचं?"

"इसार घेतला ना त्यांचा, आगाऊ पैसं. इसार हातात घेतला म्हंजी सौदा झाला, शबुद दिला. शबुद दिल्यावर जनावर दुसऱ्याला दावायचं नसतं, पंकू. बाजारात आमी लगीच दावनीच्या मागं बांदतो. आन् तुज्या साईटवर ती समद्या दुनियेला उभी. कुनी म्हनंल आसारामनं एका म्हशीवर दोन इसार घेतले. माजी उमर गेली, असं बोलनं कुनाचं घेतलं न्हाई."

म्हणून गोरक्षकडून शिकून घेतलं, पान कसं काढायचं ते. मला का नाही विचारलं? "तू चिडती लगीच."

आणि चांगली म्हैस सगळ्यात आधी विकली जाते. म्हणून चांगलीच पानं आधी गेली. एवढं साधं! मी तिथेच पेंडीच्या पोत्यावर बसले आणि हसायला लागले. अण्णाही हसले, का ते न कळताच. मग प्रज्ञा आठवली आणि हसू गेलं.

बुधवार, ३० जुलै

पुन्हा सावेडी. चुकले म्हटलं. अजून काय म्हणणार? प्रज्ञाने बराच वेळ काम चालू ठेवलं, माझ्याकडे बघितलंच नाही. मग विसाराची गोष्ट सांगितली तेव्हा खुर्ची फिरवली. "म्हणजे मी इथे रात्रंदिवस डोकं फोडतेय, आणि तुझे वडील इमानदारीने साइट बुडवतायत?"

हसली. पण पूर्वीसारखं नाही. त्याला वेळ लागेल, आणि तो तिने घ्यावा.

उपाय तिनेच सांगितला. पान काढायचं नाही, फोटो तेवढा काढायचा. जागेवर "ही म्हैस विकली गेली" लिहायचं, बाकी मजकूर तसाच, खाली आत्ता दावणीला असलेल्या म्हशींकडे जायचा रस्ता. जनावर कुणाला दिसत नाही, दार मात्र उघडं राहतं.

शनिवार, २ ऑगस्ट

प्रज्ञाचं लॉगिन पुन्हा चालू केलं. अण्णांनाही वेगळं करून दिलं आणि शिकवलं. पान ठेवायचं, फोटो काढायचा. तीनदा करून घेतलं. चौथ्यांदा स्वतः केलं आणि म्हणाले, "ह्ये पटलं. जनावर झाकलं, म्हंजी आमचाबी शबुद ऱ्हायला."

गेलेली पानं एकेक करून परत लिहितेय. बोटं दुखली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. शिंगांना रंग लावताना गोरक्ष म्हणाला, "ताई, तुमी माज्यावरबी डाऊट घेतला व्हता ना?" मी म्हटलं, घेतला होता. तो म्हणाला, "मला ठावं व्हतं," आणि बैलाच्या शिंगाबरोबर माझ्या नाकालाही हिंगूळ लावला. साइट पुन्हा चौथी.

बुधवार, १० सप्टेंबर

दुसरी. सिन्नर, आष्टी, गंगापूर, सगळीकडून फोन. "किती देती?" ऐकून कान किटले आणि बरं वाटलं.

प्रज्ञा म्हणाली, नुसत्या म्हशी नकोत, माणूस दिसू दे, लोकांचा विश्वास बसतो. म्हणून "आमच्याबद्दल" या पानावर माझा फोटो आणि नाव टाकलं. अण्णांना दाखवलं. बराच वेळ बघत होते. "ब्येस आलाय," म्हणाले.

शनिवार, २७ सप्टेंबर

पहिली! हनुमंतशेठ दुसरे.

काल बाजारात अण्णांनी एका दलालाला सांगितलं म्हणे, "ह्ये गिऱ्हाईक आमच्या पोरीनं आनलंय." गोरक्षने येऊन मला नक्कल करून दाखवली, अण्णांच्या मिशीसकट. मी आत जाऊन डोळे पुसले. दिवाळी जवळ आलीय आणि मी जिंकतेय. दावण माझी होणार.

एक ठरवलंय. हा सारखा संशय घ्यायचा स्वभाव सोडायचा. याने प्रज्ञाचं मन मोडलं, अण्णांसारख्या माणसाला चोर ठरवलं. ज्याचा शब्द एवढा पक्का, त्याच्यावर संशय घेणारी मी कोण?

बुधवार, ८ ऑक्टोबर

श्रीगोंद्याहून माणसं आली म्हशी बघायला. दोन पुरुष, दोन बायका, चांगली चारचाकी. गोठ्यात जेमतेम उभी राहिली. पोहे खाल्ले, चहा घेतला. एकीने मला शिक्षण किती झालं ते विचारलं, वेबसाइट मीच चालवते का ते विचारलं. काही न घेता गेली. अण्णा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

पूर्वीची मी असते तर यावर दोन पानं लिहिली असती. आता नाही. गिऱ्हाईक बघतं, जातं, पुन्हा येतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सकाळी साइट तपासली. "आमच्याबद्दल" उघडलं. पान आहे. मजकूर आहे. माझं नाव आहे. फोटो नाही.

काल बाजारातून आल्यावर काढलाय, अण्णांच्याच लॉगिनवरून. पान ठेवलंय, फोटो तेवढा काढलाय. मी शिकवलं तसा.

श्रीगोंद्याच्या त्या पाहुण्यांना शब्द दिला. मला न विचारता, आणि दिवाळी अजून यायची आहे!

फोटो परत चढवला. पासवर्ड बदलला. अण्णा गोठ्यात आहेत. आता जाते आणि त्यांना सांगते, आधीचा शब्द मला दिलेला होता.