दाजींच्या कार्डावर माझा श्वास

मंगळवार, ४ मार्च

ताई काल येऊन गेली. चहा निम्मा ठेवला, तेव्हाच ओळखलं की काम अवघड आहे.

"गुरुवारी ती फुंकायची गाडी येतेय ना तुमच्याकडे? ह्यांच्या कार्डावर तू फुंक."

वर म्हणते, "तिथे कोण तोंड बघतंय? नंबर बघतात."

दर सहा महिन्यांनी दवाखान्याची गाडी कारखान्याच्या आवारात उभी राहते. स्प्रेखान्यातल्या, म्हणजे लाकडावर लॅकर मारणाऱ्या प्रत्येकाने नळीत फुंकायचं, यंत्र छातीचा आकडा काढतं – वयाच्या मानाने शंभरपैकी किती. सत्तरच्या खाली गेला की स्प्रेखाना सुटला, थेट पॅकिंग. दाजी दोन महिने खोकतायत. पॅकिंगला स्प्रेचा भत्ता नाही ही ताईची एक धास्ती. आणि नवरा खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसतो हे चारचौघांत सांगायचं कसं, ही दुसरी. दुसरी मोठी आहे, हे मला ठाऊक आहे.

मी स्प्रेखान्याचा इनचार्ज. एकवीस वर्षं तिथे काढली. दाजींना तिथे मीच लावलं – ताईच्या सांगण्यावरून. आता कारखान्याला मीच फसवायचं – तेही ताईच्याच सांगण्यावरून!

"आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास" हे वाक्य ती बोलली नाही. बोलावं लागत नाही. खुर्चीच्या कडेवर बसते त्यातच ते असतं.

हो म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च

फुंकलं. आमच्या, म्हणजे इनचार्ज लोकांच्या चाचण्या वेगळ्या, एप्रिलमध्ये, बाजारातल्या दवाखान्यात. त्यामुळे गाडीत आज माझं काहीच काम नव्हतं. दाजींचं कार्ड पुढे केलं. यंत्रावरच्या पोरीने मान वर केली नाही. "नाक चिमट्यात धरा. पूर्ण श्वास घ्या. जोरात सोडा – सोडा, सोडा, सोडा, अजून सोडा!" तीनदा. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे काजवे चमकले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून असेल.

निकाल दहा दिवसांनी, कागदावर.

बाहेर दाजी थांबले होते. "काय साहेब, आमची छाती कशी आहे?"

घरात मी 'अरे', कारखान्यात 'साहेब'. हा टोमणा आहे की मान, हे मला सहा वर्षांत कळलेलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

पांढऱ्या दारांची ऑर्डर. एकशे चाळीस पॅनेल, दोन्ही बाजू. जीव गेला.

रविवार, ९ मार्च

छान झोप लागली. ही म्हणाली, "रविवारी तुम्ही खोकत नाही." म्हटलं, रविवारी आराम असतो, खोकायला वेळ नसतो. हसली नाही.

बुधवार, १२ मार्च

नव्या सुरक्षाबाईंनी आज माझी शोभा केली. सगळ्यांसमोर नाही, हे त्यांचे उपकार!

परवा आख्खी पाळी त्या स्प्रेच्या बूथच्या काचेबाहेर वही घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, पोरांवर नजर आहे. पाण्याचा पडदा वाहतोय का, पंखा ओढतोय का, गनची हवा किती, पॅनेलच्या ट्रॉलीला जमिनीची तार जोडली आहे का – सगळं मी आधीच बघून ठेवलं होतं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

तर म्हणतात, "एका पाळीत तुम्ही सत्तेचाळीस वेळा मास्क खाली केलात."

"बोलायला लागतं मॅडम. गन चालू असताना मास्कमधून कोणाला काय ऐकू जाणार?"

"आणि ओरडता काय? 'मास्क वर कर!' दुसऱ्याने मास्क लावावा म्हणून तुम्ही स्वतःचा काढता."

एकवीस वर्षं असंच काम केलं. लॅकरमध्ये हार्डनर पडला की फळीवर काचेसारखा थर धरतो, ग्राहक हात फिरवून वा म्हणतो. पण तो सुकेपर्यंत त्याचा फवारा विष, हे मी कालच्या पोरीकडून शिकायचं? माझ्या हाताखाली साठेक माणसं शिकून गेली. सिगारेट खिशात ठेवून कोणी आत आला नाही. थिनरच्या चिंध्या झाकणाच्या डब्याबाहेर कधी दिसल्या नाहीत. सत्तेचाळीस म्हणे! मोजायला बसलं की माणूस श्वासही मोजतो.

दाजींना सांगितलं तर म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" आणि पुढचं न बोलता खोकत सुटले. बरं झालं खोकले.

सोमवार, १७ मार्च

निकाल आला. दाजी – छप्पन्न.

छप्पन्न!

मीच कागद घेऊन बूथपाशी गेलो. इनचार्ज ना मी. त्यांनी गन खाली ठेवली, नीट, नोझल पुसून, आणि माझ्याकडे बघितलं. उद्यापासून पॅकिंग.

यंत्र बिघडलेलं असणार. गाडी उन्हात उभी होती. शिवाय मी उपाशी होतो. शिवाय ती पोर घाईत होती.

मंगळवार, १८ मार्च

ताई दारातूनच बोलायला लागली.

"निम्माच जोर लावलास ना?"

"ताई, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत फुंकलं."

"अरे, नको होतं करायचं तर तोंडाने नाही म्हणायचं. होकार द्यायचा आणि पाठीत सुरी! ते तुझ्यापुढे जाताहेत हे बघवलं नाही तुला. त्यांच्या हाताला तुझ्यापेक्षा चांगला कोट येतो, सगळा कारखाना सांगतो."

सगळा कारखाना! पॉलिशला हात लावायला मी शिकवलं त्या माणसाला. पहिल्या महिन्यात ओघळ यायचे, रडायचा बाकी होता. ते ओघळ सुट्टीनंतर थांबून मी घासून काढायचो, कोणाला कळू नये म्हणून.

ही मध्ये पडली, "ताई, बसा तरी." ताई बसली नाही. जाताना म्हणाली, "वाढवलं ते चुकलं." उचलली जीभ लावली टाळ्याला.

कोणाच्याच मनात दुसरी शंका आली नाही. मुद्दाम कमी फुंकलं – हे एकच. माझ्याबद्दल माझ्या माणसांना हेच सुचतं, हे आज कळलं. लिहून ठेवतो.

शनिवार, २२ मार्च

हार्डनर ओतत होतो. मिक्सिंगची खोली छोटी, काम दोन मिनिटांचं. मास्क गळ्यात होता. त्या खोलीत तो नेहमी गळ्यातच असतो – दोन मिनिटांसाठी कोण चढवणार?

डब्याचं झाकण उघडलं आणि कोणीतरी छातीभोवती पट्टा आवळला. श्वास आत जातोय, बाहेर येत नाही. शिट्टी वाजते आहे असं वाटलं – ती माझ्याच घशातून वाजत होती. झाकण बसवलं की नाही आठवत नाही. मागच्या दाराने बाहेर, रिकाम्या पॅलेटच्या ढिगामागे जाऊन बसलो. पाच मिनिटं असतील, दहा असतील.

वर बघितलं तर पॅकिंगच्या दारात दाजी. हातात चिकटपट्टीचं रीळ. आत गेले, पाणी घेऊन आले. मी प्यायलो. जाताना माझ्या गळ्यातल्या मास्कचा पट्टा उगाच सरळ करून गेले.

आता कोणाला यंत्र बिघडलं म्हणून सांगू?

सोमवार, २४ मार्च

सुरक्षाबाईंनी दाजींचा कागद समजावून सांगायला मला बोलावलं. इनचार्जला माहीत हवं म्हणून.

"ह्यांना आता परत आत घ्यायचं नाही. एकदा छातीने हार्डनर ओळखला की ती विसरत नाही. इतरांना जेवढ्याने काही होत नाही, तेवढ्याने ह्यांचा घसा बंद होईल. बूथमध्ये कोणी वेळेत बघितलं तर ठीक."

"आणि नाही बघितलं तर?"

त्यांनी कागदाची घडी केली. "वेळेत बाहेर पडले, तर पुष्कळ सुधारतात. राहिले, तर नाही. घरी कोणी समजावणारं आहे का ह्यांना?"

"आहे," म्हटलं. "सांगतो त्यांना."

दाजींच्या वतीने मान डोलावत बसलो. काय पण वेळ! बाई माझ्या मरणाबद्दल बोलत होत्या आणि मी नातेवाईक म्हणून ऐकत होतो.

दोन तारखेला माझी चाचणी.

गुरुवार, २७ मार्च

दाजींनी फेरचाचणीचा अर्ज दिला होता. आता गमवायला काय उरलंय म्हणाले. गाडी शेजारच्या कारखान्यात आली होती, तिथे जाऊन स्वतः फुंकून आले, कागद हातोहात घेऊन. अठ्ठ्याऐंशी.

म्हणजे माणूस धडधाकट आहे. तो खोकला घासाईच्या धुळीचा निघाला – आठ दिवस खोकी बांधली आणि गेला! माझी गरजच नव्हती. ताईने मला फुंकायला लावलं नसतं तर ते आज बूथमध्ये असते, आणि मला काहीच कळलं नसतं. ह्यातलं कोणतं बरं, ते सांगायला कोणी नाही.

सुरक्षाबाई दोन्ही कागद शेजारी ठेवून बसल्या होत्या. "तीन आठवड्यांत छप्पन्नचे अठ्ठ्याऐंशी?"

"यंत्र, मॅडम..."

"यंत्र तेच होतं. गाडीही तीच." मग माझ्याकडे न बघता, "तुमची बुधवारी ना?"

सोमवारपासून दाजी परत बूथ दोनवर. पेढे तेवढे वाटायचे राहिले.

शुक्रवार, २८ मार्च

खरं सांगायचं, तर नोकरीपेक्षा मला ती खोली सुटण्याची भीती आहे. ओल्या लॅकरवर दिवा तिरका धरला की फळीत आपला चेहरा दिसतो. तो दिसेपर्यंत मी कोणाला पॅनेल पुढे ढकलू दिलं नाही. पॅकिंगमध्ये काय करू? दुसऱ्यांनी चमकवलेल्यावर कागद गुंडाळू?

आणि मला तिथे चिकटपट्टी लावताना ज्यांनी बघायचं ती सगळी माणसं माझ्याच हाताखाली शिकलेली.

रविवार, ३० मार्च

ताईकडे गेलो. अठरा तारखेनंतर पहिल्यांदा. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, बस म्हणाली नाही. मीच बसलो. जिना चढून आलो होतो, बोलायला थोडा वेळ लागला.

सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की माझा आकडा कमी येईल असं वाटतंय. बुधवारी दाजींनी माझ्या कार्डावर फुंकावं. बाजारातल्या दवाखान्यात आम्हाला कोणी ओळखत नाही.

दाजी मोठ्याने हसले. "आता आमच्या तोंडाने फुंकायचं होय साहेब! आणि मी निम्माच जोर लावला तर?"

"दाजी, हात जोडतो."

हसणं थांबलं. त्यांनी ताईकडे बघितलं. ताई एका उशीच्या अभ्र्याची घडी घालत होती. घातली, उलगडली, परत घातली.

"जातील ते," म्हणाली.

बास. ना 'काय होतंय रे तुला', ना 'डॉक्टरला दाखव'. व्यवहार पुरा झाला. त्या दिवशी तिचं काम होतं, आज माझं. फिटंफाट. नऊ वर्षांच्या पोराला ताटावरून उठवून हात धुवायला लावणारी हीच का, असं वाटलं. निघताना दारापर्यंतही आली नाही.

मंगळवार, १ एप्रिल

हिला अजून काही सांगितलेलं नाही. उशा दोन घेतो हल्ली. ती बघते.

बुधवार, २ एप्रिल

दाजी अर्धी रजा टाकून माझं कार्ड घेऊन गेले. आज एकदाही मास्क खाली केला नाही. हातवारे करून काम चालवलं. पोरं हसत होती.

गुरुवार, ३ एप्रिल

त्रेपन्न.

बाजारातल्या दवाखान्याचा निकाल दुसऱ्याच दिवशी येतो; बाईंनी कागद पुढे केला. उद्यापासून स्प्रेखान्याच्या दारातही उभं राहायचं नाही, शनिवारी छातीच्या डॉक्टरकडे. दाजींना गेटवर गाठलं. ते पळाले नाहीत. माझीच वाट बघत थांबले होते.

"सूड घेतलात?"

"मी पुरा जोर लावणार होतो रे," म्हणाले. "तुझ्या बहिणीने निघताना दारात अडवलं. रडत होती. म्हणाली, निम्मंच फुंका."