आई कुठे लपायची

सान आंतोन,
१९ एप्रिल १९९८

प्रिय ओर्बेलिना,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र नाताळात आलं आणि मी आता लिहायला बसलो, राग धरू नकोस. निर्वासितांच्या छावणीत शिकलेली अक्षरं हाताला अजून जड जातात, पण खरं कारण ते नाही. भीती वाटत होती. फोन करायलाही गेलो होतो, पण तिथे रांगेतले सगळे ऐकतात आणि तुझी लेक माझा सदरा धरून उभी असते. म्हणून लॉस एंजेलिसला निघालेल्या फिदेलियाबाईंकडे हे देतोय. सोबत चीज आहे.

आम्ही बरे आहोत. सुलेमाचा पुढचा दात पडला. ताप नाही, खोकला नाही. तरी मी सारखं तिचं कपाळ पाहतो आणि ती वैतागते.

शाळेत नोएमीबाईंनी मुलांना सांगितलं, आईबाबा लहानपणी काय खेळायचे ते घरी विचारून या. बाई राजधानीतल्या, वयाने लहान. लढाईच्या वेळी इथे काय होतं ते त्यांना कुठून ठाऊक? शेजारच्या बेतोने नातवाला सांगून टाकलं, "तुझा बाप गोट्या खेळायचा." मी म्हटलं, खोटं कशाला सांगतोस?

"बरं लालियो, तू खरं सांग मग. बघतोच मी."

मी धड खरं सांगितलं नाही, धड खोटंही नाही. सुलेमाला म्हटलं, तुझी आई लपंडाव खेळायची.

"कुठे लपायची?"

"ओढ्यापलीकडच्या मोठ्या झाडाखाली, जमिनीतल्या खड्ड्यात. सगळं गावच लपायचं."

"आणि राज्य कोणावर?"

"सैनिकांवर. पण तुझी आई कधीच सापडली नाही. नावाने हाक मारली तरी ती ओ द्यायची नाही."

हे शेवटचं मी का बोललो, देव जाणे. आपण सगळ्याच पोरांना तेव्हा तसं पढवलं होतं. पोरांची नावं सैनिकांनाही कळलेली असायची.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी सुलेमा दिसेना. बेतो, त्याची बायको, मी, सगळे ओरडत फिरलो. ओढा पाहिला, विहीर पाहिली. तिला हाका मारत मी त्या झाडापाशीही गेलो. उत्तर नाही. परत फिरताना जमिनीखालून कुत्र्याचं पिल्लू कुईं करून लगेच थांबलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

खड्ड्यावरच्या फांद्या बाजूला केल्या. ती आत बसली होती. मांडीवर पिल्लू, आणि त्याच्या तोंडावर तिचे दोन्ही हात घट्ट.

मी तिची बोटं सोडवली. पिल्लू जगलं, काळजी करू नकोस.

"आजोबा, ते ओरडलं असतं तर आम्ही हरलो असतो," ती म्हणाली.

मी तिथेच मातीत बसलो.

तेव्हापासून हाक मारली की ती गप्प राहते. काल जेवताना म्हणाली, "आई नेहमी जिंकायची, मग हरायचं कोण?" गाढवाला पाणी पाजायचं राहिलं, असं सांगून मी उठलो. गाढव आपण गेल्या वर्षीच विकलंय.

आपल्या बाळाचं, रुफिनोचं नाव मी तिच्यापुढे काढलेलं नाही. तुझ्या आईने मरेपर्यंत ते कधी उच्चारलं नाही. त्याला जिच्यात घट्ट धरून ठेवलं होतं ती शालही पुन्हा अंगावर घेतली नाही. बाळ रडायला लागलं तेव्हा सैनिक झाडाखालीच उभे होते आणि तू तिला खेटून बसली होतीस. तुला काय दिसलं, काय आठवतं, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. पण तुझं लहानपण तुझ्या लेकीला तूच सांग, बये. माझ्या तोंडून त्याचा खेळ होतो.

आणि तो खड्डा. मी तोंडाशी काटेरी फांद्या रचतो, सुलेमा त्या काढून आत शिरते. पाऊस लागला की भिंत खचेल. बेतो म्हणतो, बुजवून टाकू. फावडं घेऊन गेलोही होतो. पण बाळाला मी तळाशी उजव्या हाताला ठेवलंय, तुला माहीत आहे. ती नेमकी तिथेच बसते. त्याला वर काढून तुझ्या आईशेजारी नेऊ, की तिथेच राहू देऊन माती लोटू? तुझ्या आईला विचारलं असतं. आता तूच आहेस.

फिदेलियाबाई परत येतील तेव्हा त्यांच्या हाती दोन ओळी दे. सुलेमाला वाचून दाखवता येईल असं एक पान वेगळं लिही. तोवर मी दिवसभर त्या झाडाखाली बसून असतो.

पावसाच्या आधी कळव, पोरी. मी हाक मारतोय, तू तरी ओ दे.

तुझा बाबा,
लालियो