बाजारात धावायचं नाही

ता. ४ फेब्रुवारी

चि. बारकीस मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा गणवेशातला फोटो पोचला. टोपी झोकात आहे, पण कानांवर उतरली आहे. मापाची मागून घे. मामी म्हणते, पोरगी रुबाबदार दिसते. दिसणारच, भाची कुणाची!

आता स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. मी उभा जन्म पोलिसात काढला. घाऊक बाजारातल्या व्यापाऱ्यांनी पगारावर ठेवलेलं तुमचं ते सुरक्षा दल मला काही पचत नाही. ना अटक करायचा अधिकार, ना पेन्शन. कांद्या-बटाट्यांवर पहारा करायला तुला एवढं शिकवलं का? इथल्या शाळेच्या ऑफिसात एक जागा रिकामी झाली आहे. मी शब्द टाकलाय, महिनाअखेरपर्यंत ते थांबतील. तुझ्या बाबांनाही हेच पसंत आहे. त्याच बाजारात हमाली करून त्यांची पाठ गेली, तरी अजून पोती उचलतात. लेकीने तरी पंख्याखाली बसावं असं त्यांना वाटलं, तर त्यात काय चुकलं?

उत्तराला उशीर करू नकोस. मामीचेही आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा मामा

ता. ११ फेब्रुवारी

ती. मामांस बारकीचा सा. न. वि. वि.

टोपी बदलून मिळाली. शाळेचं ऐकून बाबांनी मनातल्या मनात मला तिथे नेऊन बसवलंसुद्धा. पण माझं एकदा ऐकून घ्या.

हातून एक घोळ झालाय तो आधी सांगते, नाहीतर आई तिखटमीठ लावून कळवेल. टोमॅटोच्या गाळ्यातून एक भामटा चक्क वजनकाटा काखेत मारून निघाला. मी तुमचीच भाची, धावले त्याच्यामागे. धरलाही. मागे वळून बघते तर अर्धा बाजार माझ्यामागून पळत येतोय! गणवेशातलं माणूस धावतंय म्हणजे आग लागली असणार, असं समजून लोकांनी हातगाड्या टाकून धूम ठोकली होती. टोमॅटोचा नुसता चिखल झाला आणि एका म्हाताऱ्या भाजीवालीचा पाय मुरगळला.

आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या ओरडल्या नाहीत. मला त्या आजींना घरी पोचवून यायला सांगितलं. परत आल्यावर म्हणाल्या की या अरुंद गल्ल्यांत चोरापेक्षा चेंगराचेंगरीची भीती मोठी. म्हणून आमच्या दलात एक नियम फार कडक आहे, बाजारात धावायचं नाही. काहीही होवो, आपण चालतच जायचं. म्हणजे बघणाऱ्याला धीर येतो.

मामा, मोठ्या बाई नुसत्या चालत आल्या तरी भांडणारे ट्रकवाले आवाज खाली आणतात. हातात साधी काठी नसते. मला तसं चालायला शिकायचंय. पंख्याखाली बसून ते कसं जमणार? बाबांना तुम्हीच समजवा. माझं बोलणं ते हसण्यावारी नेतात.

मामींना नमस्कार. रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची बारकी

ता. २३ फेब्रुवारी

मेहुणेबुवांस स. न. वि. वि.

मी काही पत्रं लिहिणारा माणूस नाही. पण हे तुम्हाला कळवल्यावाचून राहवत नाही.

परवा सकाळी ऐन गर्दीत आमच्या कोल्ड स्टोरेजमधला गॅसचा पाइप फुटला. गारवा करायचा तो गॅस. डोळ्यांची आग होते, छातीत गेला तर माणूस जातो. मी आत बटाट्याची पोती रचत होतो. भिंत चाचपत कसाबसा बाहेर पडलो आणि ओट्यावर कोसळलो. तोंडातून आवाज फुटेना. समोरच्या गल्लीतून माझी लेक चालली होती. हात वर करून, वारा येत होता त्या बाजूच्या फाटकाकडे ती माणसांना नेत होती. मी आत आहे हे तिला ठाऊक. तरी तिने आमच्या दाराकडे मान वळवली नाही. बाप मरतोय आणि ही आपली चालतेय! माझं काळीज फाटलं.

आत राहिलेल्या दोघांना मोठ्या बाईंनी तोंडाला ओलं फडकं बांधून बाहेर आणलं. त्याही चालतच आत गेल्या होत्या.

दवाखान्यातून घरी आलो तो मी तिच्याशी बोललोच नाही. तिने पाणी आणलं, तेही घेतलं नाही. तेव्हा तुमची बहीण चिडून म्हणाली की निदान पोरीचे हात तरी बघा. हात इतके थरथरत होते की पेल्यातलं पाणी सांडत होतं. शेवटी मी विचारलं, तू वळून का पाहिलं नाहीस. ती म्हणाली, पाहिलं असतं तर तिचे पाय धावले असते, आणि गल्लीतली सगळी माणसं एकमेकांना तुडवत सुटली असती. मी जिवंत आहे हे तिला दुपारपर्यंत माहीत नव्हतं. एवढं सांगून ती हमसाहमशी रडली, आणि मीही रडलो.

शाळेची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. भीती मला अजून वाटते, तिच्या आईला तर फारच वाटते. तरी हे मी सांगतोय, तिचा बाप.

काल संध्याकाळी माझे हमाल सोबती मला बघायला आले. त्या गल्लीतून तिने बाहेर काढलेलेच ते सगळे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. खोलीत दाटीवाटीने बसले होते. बारकी पाणी घेऊन आली, तशी ती माझ्या वयाची माणसं उठून उभी राहिली. मला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. मीही उठून उभा राहिलो.

सर्वांना नमस्कार सांगा. आमच्यावर जीव आहे तसाच असू द्या.

आपला,
बारकीचा बाप