पत्त्यांच्या खोलीतला पंखा

॥ श्री ॥

स्नेहलतागंज, इंदूर
१९ जानेवारी १९६९

ती. दादास,
यशोधराचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेला तिळगूळ पोचला. भिलाईहून येईपर्यंत निम्म्याचा चुरा झाला होता. आईने त्याच्या वड्या थापल्या आणि आता शेजारी सांगते आहे की सुनेने वड्या पाठवल्या. तुम्ही आलात की तेच सांगा.

आबांच्या खोकल्याचं तू विचारलंस. छातीचा फोटो काढला. क्षय नाही. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती सिगरेटी. आबा म्हणाले, सुपारीसुद्धा खात नाही. डॉक्टर हसले. सगळे असंच सांगतात असं त्यांना वाटलं असणार. मग त्यांनी आबांची बोटं उलटसुलट करून पाहिली, तंबाखूचा डाग नव्हता, आणि काम कुठे करता ते विचारलं. मी सांगितलं, क्लबच्या कार्डरूममध्ये हेड बेअरा. तेव्हा म्हणाले की मग हे दुसऱ्यांच्या पितात. श्वासनळ्या सुजल्या आहेत. त्या खोलीतली हवा बदलली नाही तर औषधाचा उपयोग नाही, आणि आणखी दोन-तीन वर्षं अशीच गेली तर घरचा जिना चढवणार नाही.

ती खोली तू पाहिलेली नाहीस. मी परवा आबांचं औषध द्यायला गेले तेव्हा दारातून पाहिली. रस्त्यावरून खेळ दिसू नये म्हणून खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. छताचा पंखा अगदी हळू फिरतो, कारण वेग वाढवला की पत्ते उडतात. म्हणजे धूर खोलीतल्या खोलीत ढवळला जातो, एवढंच. मेंबर दोन-तीन तास बसून घरी जातात. आबा दुपारपासून खोली बंद होईपर्यंत भिंतीला लागून उभे असतात.

आबांना म्हटलं, दुसरीकडे बदली मागा. ते म्हणाले, छोड ना, कार्डरूममध्ये ज्याला त्याला उभं करत नाहीत. आजोबा दौलतरावांच्या वडिलांमागे रिसाल्यात घोड्यावर होते, आणि आबा आता दौलतरावांच्या खुर्चीमागे आहेत. त्यांच्या हिशेबी जागा तीच आहे, फक्त घोडा गेला.

आमच्या सांवेर रोडच्या कारखान्यात मिलसाठी एक्झॉस्ट पंखे होतात, त्यांचे नकाशे मी काढते. त्या खोलीला एक मध्यम आकाराचा पुरेल. कुणाला आणि कसं विचारायचं ते मला समजत नाही. तू सांग.

वहिनीस नमस्कार. थोडं जास्त लिहीत जा, तेवढंच मागणं.

तुझी,
यशोधरा


भिलाई
२ फेब्रुवारी १९६९

चि. यशू हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे तुझे नकाशे. मापं सगळी बरोबर, माणूस शोधावा लागतो. घाबरली आहेस हे मला तिसऱ्या वेळी वाचल्यावर कळलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हातात सिगरेट होती, ती विझवली. दुसऱ्या वेळी पुन्हा पेटवली. तुझी वहिनी म्हणते, मला बाहेर गॅलरीत उभं करायचं ठरलं आहे. तुम्ही दोघी मिळालेल्या दिसता.

आता कामाचं. क्लबचे सेक्रेटरी दौलतरावच आहेत, त्यांच्याकडेच जा. पण आबांच्या छातीचा उल्लेख चुकूनही करू नकोस. आपला नोकर आजारी आहे आणि त्याची मुलगी तक्रार घेऊन आली, असं झालं तर आबा उद्यापासून क्लबात मान वर करणार नाहीत. खोलीबद्दल बोल. छत, पडदे, गालिचा. या मंडळींचा सामानावर जीव असतो.

आणि आबांना समजावण्याच्या भरीस पडू नकोस. ते समजतात सगळं, ऐकत नाहीत एवढंच.

आईस साष्टांग नमस्कार. तुझं ड्राफ्ट्समनचं प्रमोशन झालं का, की ड्राफ्ट्सवुमन लिहायची पाटी अजून रंगवतायत?

आशीर्वाद आहेतच, ते वापरत जा.

तुझा,
श्रीपाद


॥ श्री ॥

इंदूर
२३ मार्च १९६९

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पंखा बसला.

नकाशा घेऊन मी दौलतरावांच्या ऑफिसात गेले. मला पाहून ते म्हणाले, अरे, गजानन की बिटिया, इंजीनियर हो गई, बैठो. मग त्यांनी घंटी मारली आणि चहा सांगितला. चहा आबा घेऊन आले. ट्रे, किटली, पांढरे हातमोजे. माझ्यासमोर कप ठेवला आणि साखर किती, असं हिंदीत विचारलं. उठून उभं राहावं असं वाटलं, पण मी उठले असते तर ते नोकर आहेत हे तिघांनाही दिसलं असतं. मी एक चमचा म्हणाले. घरी त्यांना ठाऊक आहे की मी दोन घेते. ते बरोबर एकच घालून गेले. या प्रसंगाबद्दल घरी आम्ही दोघेही बोललेलो नाही.

तू म्हणालास तसंच केलं. त्यांना कार्डरूममध्ये नेऊन भिंतीवरची एक तसबीर काढून दाखवली. मागची भिंत पांढरी होती आणि भोवतीची चहाच्या रंगाची. दौलतरावांनी त्या पांढऱ्या चौकोनावर बोट फिरवलं. म्हणाले, हे पडदे पिताजींच्या वेळचे आहेत, बचा लो. कमिटीने लगेच होकार दिला. माणसाच्या फुप्फुसाला मंजुरी मागावी लागली नाही, पडद्याला मिळाली ती पुरली.

पंखा वर, खिडकीशेजारी आहे. दाराला खाली जाळी लावून घेतली. आत यायला वाट नसली तर हवा बाहेर जात नाही, नुसता आवाज होतो. बटण आबांच्या उभं राहण्याच्या जागेजवळच ठेवलं आहे. चालू केल्यावर धूर सरळ पंख्याकडे गेला. तुकोजी, म्हणजे त्यांच्या हाताखालचा बेअरा, म्हणाला, दीदी, इसमें तो हम भी खिंच जाएँगे.

गेला आठवडा खोकला कमी आहे. आई त्याचं श्रेय अडुळशाला देते. देऊ दे.

मी जरा दमले आहे. प्रमोशन झालेलं नाही, पाटीही रंगवलेली नाही.

माया पातळ होऊ देऊ नये ही विनंती.

यशोधरा


॥ श्री ॥

इंदूर
१५ जून १९६९

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आबांना कळू न देता लिहिते आहे.

खोकला पुन्हा सुरू झाला, पूर्वीपेक्षा जास्त. जिन्याच्या मधल्या पायरीवर ते थांबतात आणि धोतराची निरी नीट करत असल्यासारखं दाखवतात. मला वाटलं पंख्याची मोटर दमली असेल. काल सकाळी क्लब रिकामा असताना तेलपाणी करायला गेले. शिडीवर चढून पाहिलं तर पात्यांमध्ये कोळ्याचं जाळं होतं. अशा खोलीत चाललेल्या पंख्याची पाती चिकट आणि तपकिरी व्हायला हवीत. ती कोरी होती. पंखा कित्येक आठवडे फिरलेलाच नाही.

तुकोजीला विचारलं. तो आधी भिया, मालूम नहीं करत राहिला, मुलीला भिया म्हणतोय हेही त्याला उमगलं नाही. मग म्हणाला, गजाननराव खुद बंद करते हैं. आम्ही चालू केला तरी येऊन बंद करतात.

घरी आबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, दौलतरावांना पसंत नाही. मी म्हटलं, तसं ते म्हणाले का. आबा माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मी काहीच शिकलेले नाही. पत्ते वाटताना त्यांनी दोनदा वर पंख्याकडे पाहिलं, म्हणाले. आणखी काय सांगायचं राहिलं? मालकाला हुकूम तोंडाने द्यावा लागला तर तो नोकर कसला. तुझ्या आजोबांना घोडा कधी वळवायचा ते कुणी सांगितलं नाही, नजर पाहून ते वळवायचे.

म्हणून आज मी दौलतरावांकडे गेले. पंख्याचा आवाज त्रास देतो का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, अरे नहीं बेटा, मैं तो ऊपर देखता था कि चल रहा है या नहीं, बड़ी राहत थी. नंतर तो बंदच दिसायला लागला. त्यांना वाटलं कारखान्याचा माल कच्चा निघाला. गजाननच्या मुलीने बसवलेला, त्याला वाईट वाटेल, म्हणून ते काही बोलले नाहीत.

म्हणजे एकाने न बोलता विचारलं, दुसऱ्याने न विचारता ऐकलं, आणि खोलीतला धूर तिथेच राहिला.

दादा, हे आबांना सांगायचं तर पंखा आज सुरू होईल. पण नजर ओळखणं ही एकच गोष्ट आहे ज्याचा त्यांना अभिमान आहे, आणि ती चुकली असं मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागेल. नाही सांगितलं तर जिना आहेच. पत्रात मापं नाहीत या वेळी. काय करू ते कळव.

उत्तर लवकर धाडशील अशा भरवशावर,
यशोधरा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मुक्काम इंदूर
अधिक आषाढ वद्य, २ जुलै १९६९

चिरंजीव श्रीपाद यास गजाननराव यांचे अनेक आशीर्वाद. इकडील क्षेम, तिकडील कळवीत जावे. विशेष.

तुझे पत्र पावले. दौलतरावसाहेबांचे म्हणणे तू कळविलेस. ते यशोधरेने तुला कळविले असणार हे न सांगताही समजते. तिला मी काही दाखविलेले नाही. तूही दाखवू नये. पोर आधीच कमी बोलते.

तुझे पत्र आले त्याच दिवशी पंखा सुरू केला. जाळे तुकोजीने काढले. साहेब खेळताना वर पाहून बरे म्हणाले. म्हणजे या खेपेस शब्दाने म्हणाले.

तुला लिहिण्यास हरकत नाही म्हणून लिहितो. दोन दिवस अन्न गोड लागले नाही. पंख्याचे दुःख नाही. तीस वर्षे त्या खोलीत मी नजरा पाहून कामे केली. कुणाच्या नजरेवरून कुणाला चहा दिला नाही, कुणाला दारातून परत लावले, तुमच्या आईच्या आजारपणात रजा मागितली नाही, कारण साहेबांच्या कपाळाला आठी होती. आता वाटते, ती आठी हातातल्या वाईट पत्त्यांची असेल. कुठली नजर बरोबर वाचली आणि कुठली नाही, हे आता कुणाला विचारायचे?

असो. तू गॅलरीत उभा राहून ओढतोस असे सूनबाईंनी तुझ्या आईस कळविले. तेथेही कमी करावी. मी कधी ओढली नाही, तरी डॉक्टर माझी बोटे पाहतात.

ईश्वर तुम्हांस सुखी ठेवो हे आशीर्वाद.

गजाननराव


॥ श्री ॥

इंदूर
२० जुलै १९६९

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तू माझ्याऐवजी आबांना लिहिलंस, हे मी विसरणार नाही. आबांनी मला काही सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. आमच्या घरात हे चांगलं चालतं.

पण एक नवीन गोष्ट घडली, ती तुला कळायला हवी. ती मला तुकोजीने सांगितली. आबा घरी येऊन नेहमीसारखे जेवले.

गुरुवारी कार्डरूममध्ये एक मेंबर, कुठल्याशा मिलचे एजंट आहेत, हरत होते. त्यांनी पंख्याकडे बोट दाखवून म्हटलं, गजानन, ये बंद करो, सिर में घूमता है. आबा जागचे हलले नाहीत. एजंटसाहेबांना वाटलं आबांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितलं. तेव्हा आबा दोन पावलं पुढे आले, वाकले आणि म्हणाले की साहब, सेक्रेटरीसाहेबांकडून लिखकर दिलवा दीजिए, त्याच घडीला बंद करतो.

तुकोजी म्हणतो, कुणी पत्ता टाकेना. दौलतराव त्याच टेबलावर होते. एजंटसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. दौलतरावांनी हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं. आबांनी कुणाकडेच पाहिलं नाही, भिंतीशी जाऊन उभे राहिले.

आता बेअऱ्याच्या उद्धटपणाची तक्रार कमिटीपुढे गेली आहे. सभा पुढल्या रविवारी आहे. आबांना फाटकावर बसवतील असं तुकोजीला वाटतं. फाटकावर हवा चांगली आहे, पण मग कार्डरूममध्ये तुकोजी उभा राहील. त्याचं लग्न गेल्या वैशाखात झालं. म्हणून पंख्याचं लेखी करून घ्या, चालू ठेवण्याचं, असं मी दौलतरावांना सांगून आले. पडद्यांबद्दल या वेळी बोलले नाही. बेअऱ्यांच्या छातीसाठी म्हणाले, स्पष्ट. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

आबांचा खोकला थोडा उतरला आहे. डॉक्टर म्हणतात, गेलेलं सगळं परत येणार नाही. मधल्या पायरीवर ते अजून थांबतात, फक्त आता निरी नीट करत नाहीत. सरळ थांबतात.

काल जेवताना त्यांनी एकदम विचारलं, त्या पंख्याचा आवाज कमी होईल का. मी म्हटलं, खाली रबर घातलं तर जवळजवळ ऐकूच येणार नाही, उद्याच करून देते. त्यांनी ताटातला भात कालवला आणि म्हणाले की नको, राहू दे. आवाज असला म्हणजे बाहेरूनही कळतं, चालू आहे ते.

वहिनीस नमस्कार. तुम्हा दोघांची माया इथपर्यंत पोचते आहे, ती पोचत राहावी.

तुझी,
यशोधरा