गाडीतलं गाणं

पेडणे, रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा मला बघायला आले होते. दमले बाई या सगळ्याला. मुलाने विचारलं, गाणी कसली आवडतात? मी ठोकून दिलं, शास्त्रीय. तो म्हणाला, मलाही. का बोलले तसं? हुशार वाटावं म्हणून, दुसरं काय! निघताना त्याने गाडी सुरू केली आणि चवथीच्या गणपतीपुढे मिरवणुकीत नाचतात तसलं गाणं दणाणलं. बिचाऱ्याने घाईघाईने बंद केलं. तेच गाणं मी पणजीच्या बसमध्ये रोज इयरफोन लावून ऐकते. तरी पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा केला. अजून डोक्यात वाजतंय मेलं.

आई विचारतेय, "काय सांगू गो त्यांका?"

हो म्हटलं, तर दोन हुशार माणसं जन्मभर आवाज बारीक करून एका घरात राहतील.