तेरावी पायरी

९ फेब्रुवारी, सोमवार
जिन्याची चौथी पायरी गेली! पाय ठेवला आणि फळीचा भुगा झाला. आत सगळी वाळवी. नवऱ्याने, डेल्फिनने, पटाशीने बाकीच्या टोचून पाहिल्या – एकही धड नाही. म्हणाला, "सुतार कशाला? पहिला जिना कोणी केला होता?" त्यानेच. पण तेव्हा नवरा चौतीस वर्षांचा होता. आता बहात्तर, आणि मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात थरथरतो. बोलून बोलून दमले आहे.

१० फेब्रुवारी
मनिलाहून आर्लिनचा फोन. "आई, बाबांच्या हातात करवत देऊ नकोस. शेजारच्या मेल्चोरला बोलाव. नाहीतर घर विका आणि माझ्याकडे या, इथे लिफ्ट आहे." अकराव्या मजल्यावर मी माझ्या कोंबड्या कुठे सोडू? पोरगी ऐकेना. शेवटी ठरलं – ईस्टरला ती येईल. तोवर जिना धड झाला नाही, तर घराचं बोलायचं. हे घर सोडून मी जगेन असं मला वाटत नाही.

१६ फेब्रुवारी
लाकूड आलं. वर जाता येत नाही, म्हणून दोघं स्वयंपाकघरात चटईवर झोपतो. शेजारचा मेल्चोर कुंपणावरून डोकावला. सुतारच तो, राहवतंय कुठलं! डेल्फिनला तो नोंग म्हणतो, मला मानांग – दादा, ताई म्हणावं तसं. "नोंग डेल्फिन, काटकोनाला गुण्या लावलात ना?"
"तुझ्या बापाला गुण्या धरायला मी शिकवलं!"
"म्हणून त्यांची कपाटं अजून डुलतात होय!"
हसले. फार दिवसांनी.

२० फेब्रुवारी
डेल्फिनने एकाच पायरीची फळी तीनदा कापली. तीनदा आखूड.

२७ फेब्रुवारी
जिना झाला! मी खालून बोट ठेवून मोजत गेले – सोनं, चांदी, मरण, सोनं, चांदी, मरण... बारा. शेवटची यायला हवी सोन्यावर, आणि ही बारावी मरणावर! असा जिना आमच्या गिमबाल गावात कोणी ठेवत नाही, ज्याच्या घरी ठेवला त्याच्या घरी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक असतं. डेल्फिन पांढरा पडला. मोजायचंच विसरला होता.

मेल्चोर म्हणाला, "सगळं उचकटा. तेरा करा, सारख्या उंचीच्या." छे! डेल्फिननं सगळ्यात वरच्या पायरीखाली आणखी एक फळी घुसवली. आता वरच्या दोन पायऱ्या इतरांच्या निम्म्याच उंच. "झालं सोनं!"
"घालायचीच होती तर खाली घालायची, नोंग. वर कशाला?"
डेल्फिन खाली वाकून हत्यारं गोळा करायला लागला. मला तर जिन्याकडे बघवत नाही. वाकडा तो वाकडाच.

३ मार्च
पडले. डावं मनगट मोडलं. धुतलेले कपडे घेऊन वर चालले होते. घरात कोणी नव्हतं. आवाज ऐकून डेल्फिन परसातून धावत आला. एक चप्पल जिन्यातच राहिली होती, ती त्यानेच आणून पायात घातली.

डॉक्टरांना सांगितलं, मेल्चोरला सांगितलं, आर्लिनलाही – वरच्या बुटक्या पायऱ्यांनी घात केला, पायाचा अंदाज चुकला. आर्लिन फोनवर बापाला वाट्टेल ते बोलली. तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला.

४ मार्च
डेल्फिनने करवत, रंधा, पटाशी, सगळं पोत्यात भरलं आणि मेल्चोरला नेऊन दिलं. परत मागणार नाही म्हणाला. मला बरं वाटायला हवं होतं.

११ मार्च
मेल्चोर कामाला लागला. दहाला कॉफी आणि पाव, तीनला इबोस, पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात. एका हाताने नारळाची पानं गुंडाळवत नाहीत, म्हणून भात जरा सैल झाला. तरी चार खाल्ले त्याने! "मानांग, तुमच्या इबोससाठी मी सगळ्या गावाचे जिने मोडीन." डेल्फिनला म्हणाला, "नोंग, जरा टेप धरा ना." "तुझं काम तू कर." मग डेल्फिन खुर्ची उचलून कोंबड्यांकडे तोंड करून बसला.

१९ मार्च
जिना पूर्ण. तेरा पायऱ्या, सगळ्या सारख्या, दोन्ही बाजूंना कठडा. करकर नाही की डुलणं नाही. फोटो पाहून आर्लिन खूश – घराचं काही बोलली नाही. डेल्फिनने एकदा खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "चांगला केलाय." जेवला मात्र अर्धंच.

२२ मार्च, रविवार
चर्चहून आले, कपडे बदलायला वर निघाले आणि अकराव्या पायरीवर गुडघा उचलेना. दीड वर्ष हेच चाललंय. कोणाला सांगितलं नाही, इथेही लिहिलं नाही. तिथेच बसले. खालून डेल्फिन म्हणाला, "म्हणून वरच्या दोन बुटक्या ठेवल्या होत्या, कोन्सिंग. शेवटी शेवटी तुझा पाय वर येत नाही."
"मग मी पडले त्या दिवशी बोलला का नाहीस?"
"चप्पल मला नवव्या पायरीवर मिळाली."

नववी. तिथेच गुडघा अडला होता. बुटक्यांपर्यंत मी पोचलेच नव्हते. गुडघा लपवायला मी त्याच्या पायऱ्यांना दोष दिला, आणि त्याने तो माझ्यासाठी सोसला.

आर्लिनला फोन करून खरं सांगितलं. दोघी रडलो. उद्या मेल्चोरला बोलावते – पायऱ्या सोळा हव्यात, सगळ्या बुटक्या. मोजून पाहिलं, सोळावी सोन्यावर येते. आणि टेप डेल्फिन धरणार.