निलगिरीवरची फुलपाखरं

१५ ऑक्टो. १९८६
तळ्याच्या पाळीवर धुणं घेऊन गेली, अन् अंगावर काटाच आला. आमच्या निलगिरीची पानं वाळली म्हणून जवळ गेली तं पानं नाई, फुलपाखरं! काळपट, पंख मिटून, फांदीफांदीले लटकलेली. ऊन लागलं तसं सगळं झाडच उडालं. सांजेले परत येऊन बसली, तवा यांना दाखवलं. "सरकारी रोपं, मीच लावली. चिमणी बसत नाई यावर. हे कुठून आले?" मले काय मालूम!
आमची लेक शांता पहिल्या बाळंतपणाले आली हाय. नर्सबाई बोलल्या, मूल आडवं हाय, कळा लागल्या की साकोलीच्या दवाखान्यात आणजा, घरी ठेवू नोका. तेच डोक्यात फिरून राहिलं.

१६ ऑक्टो.
पाटलाचा म्हातारा सकाळी गेला. पिकलं पान, जाणारच होतं. पण आता कोण आयकते! शेजारच्या सीताबाईची पोरगी मंगली कालपासून ओकून राहिली. सगळ्यांचं बोट आमच्याकडं. "परकं झाड लावलं, त्याच्यावर मरी उतरली." पोट्ट्यांनी झाडाखाली धूर केला. फुलपाखरं भदाभदा पडली. लय कसंतरी झालं.

१७ ऑक्टो.
पुजारी उद्या गाव बांधणार. बांधलं की तो सोडीपर्यंत शिवेबाहेर कोणी जात नाई, आत कोणी येत नाई. आमच्या यांनी सगळ्यांच्या आंधी मान डोलावली!
"पोरगी अवघडलेली, अन् तुम्ही हो म्हणून आले? काहून?"
"झाडं आपली. नाई म्हणलो असतो तं गावात ठेवलं असतं काय?"
"मग आजच नेऊ साकोलीले."
"अजून दिवस हायत. आतापासून कायले घाबरतेस?"
घाबरू नोको तं काय करू! पण गेलो नाई.

१८ ऑक्टो.
गाव बांधलं. शिवेवर नारळ फोडला, रस्त्याले आडवा दोरा ओढला. पाखरं हायतच, उलटी वाढली. मंगली डोळे उघडत नाई. सीताबाई दारात हात जोडून, "वैनी, कोणी शीव मोडू नोका. माही लेक जगू द्या." नाई मोडत, म्हणली मी.
दुपारपासून शांताची कंबर दुखते. वात असन. वातच असू दे माय.

१९ ऑक्टो.
वात नोहय. कळाच. यांना म्हणलं बंडी जुंपा. खांबासारखे उभे! मी शिवी हासडली, तेव्हा बैल जुंपले.
शिवेवर चौघं उभे. कोणी हात लावला नाई, बाजूलेही झालं नाई. "मंगलीचं बरंवाईट झालं तं तुमच्यावर." सीताबाई धावत आली. मी म्हणली, "बाई, मंगलीलेही आण, संगं नेऊ." नाई ऐकलं. पोरीले छातीशी धरून घरात पळाली. मीच खाली उतरली अन् दोरा तोडला.

१९, साकोली, दवाखान्याच्या पायरीवर
शांताले आत नेलं. डॉक्टर "उशीर केला" एवढंच बोलले. हे बैलापाशी बसले, माझ्याकडं पाहत नाईत. आतून शांताचं कण्हणं येत होतं, आता तेही थांबलं.
फाटकातून सायकल येऊन राहिली. सीताबाईचा दीर हाय. उतरला. माझ्याकडंच येऊन राहिला. देवा, त्यानं तोंड उघडाच्या आंधी आतून एक रडणं आयकू दे.